पाण्यातली बाई

मंगळवार, लक्ष्मीबाई नगर

अजून अंगावर काटा आहे, आणि हसूही येतंय. माझ्या नातीला, ईराला, कॉलेजात फोटो द्यायचा होता. तोही कॅमेऱ्याशिवाय केलेला! फॅशनच्या मासिकातली चित्रं कापून आम्ही एक गोरी बाई जुळवली. कपाळ मोकळं दिसलं, म्हणून मी गुपचूप माझी टिकली लावली. बाथरूममध्ये लाल दिवा. बाईला फोटोच्या कागदावर ठेवून ईरानं क्षणभर पांढरा दिवा लावला, मग बाई उचलून तो कागद फोटो उमटवणाऱ्या औषधाच्या पाण्यात सोडला.

हळूहळू चेहरा वर आला. जुन्या निगेटिव्हसारखं, पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. काळी बाई, पांढरे केस, कपाळावर पांढरा ठिपका. आई! बाबा गेल्यावर कुंकू पुसलं, तर तिच्या कपाळावर असाच पांढरा डाग राहिला होता. तिचा एकही फोटो नाही माझ्याकडे. पाणी हललं तसे तिचे ओठ हलले. खरंच हलले.

"आजी, ही टिकली तू लावलीस? यार, बिघडला ना फोटो!"

"बिघडू दे. ही माझी. तू दुसरी कर."

टिकली काढून तिनं दुसरी केली. छान आली, पण ती कुणीच नव्हती.

आई बाथरूममधल्या दोरीवर वाळतेय, टपटप पाणी गळतंय. मघाशी बाथरूमचं दार लावायला गेले, पण तिला आत एकटीला कोंडवेना.