अकरा किलोमीटरची सलग रेघ

१८ फेब्रुवारी २००७, रविवार

विजयेंद्रला लॉरीनं उडवलं. जवादीच्या डोंगरात, उतारावर. आमच्या सायकलवाल्यांतल्या वादिराजचा फोन सव्वादोनला आला. जिवंत आहे, पण शुद्ध नाही. वेल्लोरहून अँब्युलन्सनं इकडे अड्यारच्या हॉस्पिटलात आणतायत.

एकटा कशाला गेला हा? आम्ही दहा-बारा सायकलवाले दर रविवारी बरोबर निघतो. आज तर कुणाचंच ठरलं नव्हतं. मला शब्दानं बोलला नाही! एरवी टायर बदलायचा तरी फोन करतो — मामा, कुठला घेऊ? नात्याचा नाही, पण मामाच म्हणतो.

कुठल्या रस्त्यावर, म्हणून विचारलं. वादिराज म्हणाला, मेल्कुप्पमच्या खाली. मी परत विचारलं, नक्की? म्हणाला, पोलिसांनी तेच सांगितलं, सर. फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिलो. कुमुदिनीनं दोनदा विचारलं, अहो, काय झालं म्हणून.

१९ फेब्रुवारी

लिहून टाकतो. निदान इथं तरी.

तो रस्ता माझ्या नकाशातला आहे. गेल्या ऑक्टोबरात मी आमच्या मंडळींसाठी काढला — जवादीतले गाड्या नसलेले रस्ते. आलंगायमहून वर चढायचं, सागाच्या रानातून वळसा घालायचा, मेल्कुप्पमवरून खाली उतरायचं. बेचाळीस किलोमीटरची फेरी, अजून कुणी केली नव्हती. वर लाल शाईत 'वाहतूक नाही'. खाली माझी सही.

त्यातले एकतीस किलोमीटर मी स्वतः सायकल हाणली आहे. दर किलोमीटरला उतरून नोंद केली आहे. शेवटचे अकरा नाही. गुडघा ठणकायला लागला होता. टपरीवर चहा घेतला, खाली गाड्या असतात का म्हणून विचारलं. टपरीवाला म्हणाला, इकडे कोण मरायला येतंय? मी आलो त्या वाटेनं मागे फिरलो, आणि घरी बसून जुन्या सर्व्हेच्या नकाशावरून ते अकरा उतरवून काढले.

ड्रॉइंग ऑफिसात तेहतीस वर्षं काढली. पहिल्या दिवशी शिकवतात — मोजलेलं सलग, न मोजलेलं तुटक. नव्या पोरांचे कागद मी यावरूनच तोंडावर फेकलेत. पण इथं तुटक रेघ काढली असती तर फेरी पुरी दिसली नसती. कागद अर्धवट वाटला असता. म्हणून सलग ओढली. एवढंच कारण. दुसरं असतं तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी

चिंचेची लॉरी होती. वरच्या गावांची सगळी चिंच या दिवसांत त्याच रस्त्यानं खाली येते, दिवसाला आठ-दहा लॉऱ्या. त्या टपरीवाल्यानं सांगितलं ते ऑक्टोबरापुरतं खरंच होतं. मी नुसता खाली उतरून आलो असतो तरी दोन्ही बाजूंची चिंचेची झाडं दिसली असती. शेंबड्या पोरानंही विचारलं असतं, ही चिंच जाते कुठून?

२२ फेब्रुवारी

शुद्धीवर आला. आईला ओळखलं. देवा, तुझे उपकार.

२४ फेब्रुवारी

ऑफिसातून थेट हॉस्पिटल. महालक्ष्मीबाई बाकावर बसलेल्या. विजयेंद्रच्या आई. तंजावरकडच्या. त्यांचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं, मध्येच तमिळ. नवरा गेला तेव्हा विजयेंद्र नऊ वर्षांचा. शाळेत शिकवून एकटीनं वाढवला. आता वेलचेरीला फ्लॅट घेतलाय त्यानं, दोघंच असतात.

नर्सला म्हणाल्या, हे आमचे अण्णा. डबा उघडून दहीभात माझ्या हातात दिला. नको म्हटलं तर ऐकेनात, तुम्हीसुद्धा सकाळपासून उपाशी असाल म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा कागद त्याच्या खिशांत होता, अण्णा. त्यावर वादिराजांचा नंबर होता म्हणून पोलिसांनीं लगेच कळवलें. तुमच्या कागदामुळें माझा लेंक वांचला."

दहीभात संपवला आणि डबा धुऊन दिला.

२६ फेब्रुवारी

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. आत सळई घातली. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी चालेल. सायकलचं विचारलं तर म्हणाले, आधी चालू दे हो.

इंजेक्शननं बराच वेळ झोपूनच असतो. मधे डोळे उघडले, मला बघितलं, हसल्यासारखं केलं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो. एकतीस वर्षांचा तरणाबांड मुलगा.

२८ फेब्रुवारी

वादिराज घरी आला होता, तांबरमपर्यंत मुद्दाम. ११ मार्चला सगळ्यांनी तीच फेरी करायची म्हणतोय. विजयेंद्रसाठी. नऊ जण तयार आहेत. त्याची मुलगी रंजनीसुद्धा येणार — चौदा वर्षांची! नकाशाच्या पन्नास प्रती काढायच्यात, बाकीच्यांनाही वाटायला. ती लॉरी चुकून आली असणार म्हणतो, नशीब दुसरं काय. "तुमचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, सर."

मी काही बोललो नाही. काही न बोलणं म्हणजे होच. चहा प्यायला आणि गेला. कृष्णकांत, तू माणूस आहेस की कोण?

१ मार्च

वादिराजला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आत ठेवला.

२ मार्च

कुमुदिनीला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी कुठं सायकल चालवते? ज्यांना सांगायचं त्यांना जाऊन सांगा."

मी म्हटलं, अगं, तेहतीस वर्षांची अब्रू आहे. वर्षभरात रिटायर होतोय. लोक काय म्हणतील? ती म्हणाली, रंजनीचं काही झालं तर काय म्हणतील तेही आत्ताच ठरवून ठेवा.

जिभेला हाड नाही बाईच्या. पण खोटं काय बोलली?

४ मार्च, रविवार

सांगितलं.

वादिराजच्या घरी सगळे जमले होते. प्रतींचा गठ्ठा टेबलावर. आधी पाणी प्यायलो. मग म्हटलं की शेवटचे अकरा किलोमीटर मी गेलेलोच नाही. घरी बसून काढलेत. त्या रस्त्यावर आत्ता रोज लॉऱ्या असतात. विजयेंद्रचं जे झालं ते नशिबानं नाही, माझ्यामुळे झालं.

मग वादिराजनं एकच विचारलं, "पण खाली सही तुमचीच आहे ना, सर?" म्हटलं, माझीच. त्यानं गठ्ठा उचलून आत नेला. रंजनीच्या आईनं मुलीला जवळ ओढली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ११ तारखेचं रद्द झालं.

बाहेर पडलो तेव्हा निरोप द्यायला दाराशी कुणी आलं नाही. बरोबरच आहे. पण आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो, आणि त्याचीही शरम वाटली.

५ मार्च

महालक्ष्मीबाईंना सांगितलं. हे जास्त अवघड होतं. वादिराजच्या घरी नुसती माणसं होती, इथं आई होती.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. सलग रेघ, तुटक रेघ, सगळं. त्यांना रेघांचं काय समजणार! पण समजलं त्यांना. त्यांनी एकच विचारलं — म्हणजे तुम्ही तो रस्ता डोळ्यांनी बघितलाच नव्हता? मी म्हटलं, नव्हता.

मांडीवरचा डबा बंद केला, पिशवीत घातला आणि उठून आत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तासभर तिथंच बसलो. बाहेर आल्या नाहीत. पडदा सारून आत बघायची हिंमत झाली नाही, तसाच घरी आलो.

६ मार्च

सकाळी महालक्ष्मीबाईंचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "या. तो बोलावतो."

विजयेंद्र उशीला टेकून बसला होता. पाय पट्ट्यांत गुंडाळलेला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानंच थांबवलं.

म्हणाला, "मामा, तुम्ही तिथं गेला नव्हता हे मला जानेवारीतच कळलं होतं. दर किलोमीटरच्या नोंदींची वही तुम्हीच मला बघायला दिली होतीत. तिच्यात एकतीसच्या पुढं एकही नोंद नाही. विचारलं असतं तर तुम्हाला लागलं असतं. म्हटलं, आपणच एकदा जाऊन बघून येऊ. रस्ता बरोबर निघाला तर कुणाला काही सांगायलाच नको."

म्हणून एकटा गेला. शुद्धीवर आल्यावर पोलिसांना, वादिराजला, आईलासुद्धा त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

मी चौदा दिवस गप्प बसलो ते माझ्यासाठी. तोही गप्पच होता, तोही माझ्यासाठी.