एक्केचाळीस घड्याळांच्या फायली

४ फेब्रुवारी

परत तेच. "फाइल उघडता येत नाही, लायब्ररी सापडली नाही." नवं मशीन तकतकीत, पण ह्यांचा घड्याळांचा प्रोग्रॅम काही त्याच्यावर चालेना. जावई कालच मशीन बसवून गेले. म्हणाले, "आई, जुन्या डिस्कवरचं सगळं उतरवलंय. तो प्रोग्रॅम मात्र सोडून द्या, फार जुनाट आहे."

सोडून कसा द्यायचा? दुरुस्त केलेल्या घड्याळाची टिकटिक हे कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवत, चाल बरोबर आहे का ते तपासायला. सुरुवातीला स्वतः बोलत — घड्याळ कुणाचं, काय बिघडलं होतं. अशा एक्केचाळीस फायली. ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फोनवरसुद्धा "हं" आणि "बरं", संपलं.

हे गेल्यावर दोन वर्षं ऐकायचा धीर झाला नाही. धीर झाला त्याच आठवड्यात जुनं मशीन जळालं. आणि खरं लिहायचं तर — मी आवाज विसरायला लागले आहे. डोळे मिटले की चेहरा येतो, आवाज येत नाही.

५ फेब्रुवारी

लायब्ररी म्हणजे काय ते दुपारभर वाचलं. कुणा परक्या माणसाने लिहिलेला कोड, सगळ्यांना खुला, हवा तर बदलून घ्या. आपल्या मशीनवर तो कंपाइल करायचा, म्हणजे माणसाला वाचता येतं ते मशीनला चालवता येईल असं करायचं. हे स्वतः तसं करत असत. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि मग ह्यांच्या घड्याळांच्या पुस्तकांवर. इंग्रजीही त्यातूनच. तेव्हा हेही जमेल.

जुन्या डिस्कवर लायब्ररीचं ह्यांचं फोल्डर आहे, पण सात वर्षांचं शिळं. ते बाजूला ठेवलं आणि नेटवरून ताजी प्रत उतरवली.

६ फेब्रुवारी

कंपाइल केलं. दोनशे चुका!

७ फेब्रुवारी

मी शेवटच्या ओळीपासून वाचत होते, कारण पडद्यावर तीच दिसते. हे म्हणायचे, घड्याळ थांबलं की काट्यांकडे बघत बसू नये, पहिलं चाक कुठे अडलं ते बघावं. मग वर गेले. पहिलीच चूक — एक फाइल हजर नाही. बाकीच्या एकशे नव्याण्णव तिच्या नावाने नुसत्या गळा काढत होत्या.

ती फाइल ज्या पॅकेजात असते ते घातलं. तरी तेच. तासाभराने उमगलं, पॅकेजचे दोन भाग असतात — एक वापरणाऱ्यांसाठी, दुसरा कंपाइल करणाऱ्यांसाठी. मला दुसरा हवा होता. तो घातल्यावर दोनशेच्या तीन झाल्या. स्वतःला चहा करून घेतला, साखर दोन चमचे.

९ फेब्रुवारी

मुलगी आली होती. "आई, तू कंपाइल करतेयस हे ऑफिसात सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

"मग सांगू नकोस."

जाताना दारात थांबून म्हणाली, "बाबा गेल्यापासून घर किती गप्प झालंय गं."

म्हटलं, "बाबा तरी कधी बोलायचे? दिवसाला दहा शब्द. तेही पाहुणे आले तर."

"ते खरंच. पण गप्प नसायचं घर." म्हणजे काय ते तिलाही सांगता येईना.

११ फेब्रुवारी

तीन चुका हटत नाहीत. लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाला पत्र लिहिलं. शब्दकोश मांडीवर, दीड तास, आठ वाक्यं. चुका जशाच्या तशा चिकटवल्या, पहिली सगळ्यात वर.

१२ फेब्रुवारी

उत्तर आलं! म्हणे, लोक नुसतं "चालत नाही" एवढं लिहितात, तुमच्यासारखं पत्र वर्षाकाठी एखादं येतं. पत्र तीनदा वाचलं. नव्या कंपायलरला एक जुनी पद्धत खपत नाही, तीन ठिकाणी एकेक ओळ बदलायची. बदलली. पडद्यावर ओळी धावत गेल्या आणि थांबल्या. चूक एकही नाही.

प्रोग्रॅम तरीही म्हणतो, लायब्ररी सापडत नाही. समोर ठेवलीये आणि दिसत नाही — कपाळावर चष्मा ठेवून घरभर शोधणारे हेच आठवले. नवी वस्तू कुठे ठेवली ते मशीनला एक आज्ञा देऊन सांगावं लागतं. सांगितलं. फायली उघडल्या. ऐकायचं उद्यावर ठेवलं.

१३ फेब्रुवारी

टिकटिक. स्वच्छ, सुरेख टिकटिक. ह्यांचा आवाज नाही. प्रत्येक फायलीत आधी सात-आठ सेकंद काहीच नाही, मग टिकटिक.

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तरी बसून सगळ्या ऐकल्या. एक जड लंबकाचं, एक बारीक मनगटी, एक किंचित लंगडणारं. सगळी चालू, सगळी ह्यांच्या हातची. एवढं मिळालं तेही पुष्कळ.

पण हे बोलत असत. मी स्वयंपाकघरातून माझ्या कानांनी ऐकलंय. पुन्हा पत्र लिहिलं.

१४ फेब्रुवारी

त्याचं उत्तर — लायब्ररी मुद्दामच टिकटिक सोडून बाकी सगळं गाळते. पण गाळते ती वाजवताना, फायलीत सगळं असतं. तुमच्या यजमानांची वेगळी प्रत होती का? असेल तर गाळणीची फाइल तेवढी ताडून बघा, तिला मी दहा वर्षांत हात लावलेला नाही.

ते शिळं फोल्डर! मलाच ताज्याची हौस. दोन्ही फायली शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली. फरक एकाच ओळीचा. गाळणारी ओळ ह्यांनी बंद केलेली आणि पुढे मराठीत टीप: "ही बंदच ठेवावी. घरातले आवाज जातात."

घरातले कसले? ह्यांचाच आवाज जातो, असं लिहायला हवं होतं. उद्या ओळ बंद करून परत कंपाइल करते.

१५ फेब्रुवारी

आला आवाज. "शाळेतल्या बाईंचं. स्प्रिंग बदलली." थोडा घोगरा, शेवटचा शब्द खाली सोडून देणारा. असाच होता.

आणि मागे, टिकटिकीच्याही मागे, भांड्यांच्या आवाजात कुणीतरी गुणगुणतंय. एक्केचाळीसही फायलींत.

काम करताना मी गुणगुणत असे, हे मला कधी कुणी सांगितलंच नाही.