दादानं नेलेला नमुना

३ डिसें.
चांदी गाय गाभडली. सातवा महिना चालू होता. बाकीच्या चार गाईंचंही दूध आटत चाललंय. डॉक्टर म्हणाले, "ताई, मुरघास तपासून घ्या. पण नमुना नीट घ्या, नाहीतर रिपोर्टले काही अर्थ नाही."
मुरघास, म्हणजे बॅगेत मुरवलेला मक्याचा चारा, सौंसरचा, दादाचा. सख्ख्या भावाचा. तो धंदाच त्याचा.

५ डिसें.
पाच बॅगांच्या आतून मूठ-मूठ काढला, कालवला. प्लास्टिकच्या पिशवीत भरून हवा दाबून काढली, बर्फाच्या डब्यात ठेवला. तेवढ्यात दादा आला. "उद्या नागपूरले चाललोच हावो. आण इकडे, देतो लॅबमंदी. तू काऊन धावपळ करतं?"
बरं वाटलं.

१३ डिसें.
रिपोर्ट आला. सगळं उत्तम, बुरशी नाही. मग चांदी कशानं...

१४ डिसें.
डॉक्टरांनी स्टार्चच्या आकड्यावर बोट ठेवलं. "एवढा? स्टार्च दाण्यातून येते. दाणे हायेत का तुमच्या मुरघासात?"
घरी येऊन गव्हाण उसकटून पाहिली. नुसती धांडं, दाणा एकही नाही. कणसं दादानं आधीच तोडून विकली असणार.
लॅबला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "तुमच्या नमुन्यात तर दाणेच दाणे होते. कापडी पिशवीत आला होता."
कापडी!
मी तर प्लास्टिकच्या पिशवीत भरला होता.

१६ डिसें., सोम.
पुन्हा नमुना काढला. शनिवारी काढला असता तर रविवारभर पडून खराब झाला असता, म्हणून आज. पांढुर्ण्याहून गाडीनं नागपूरला स्वतः नेला, डबा मांडीवर. समोर नोंद करून घेतली.

२४ डिसें.
बुरशीचं विष निघालं. भरपूर.
दादाला फोन. आधी हसला. मग म्हणे, "थोडा माल बिघडला होता. बाहेरच्याले देता येत नाही ना. घरचं माणूस सांभाळून घेते."
घरची म्हणून मला सडका. आणि नमुना बदलून फसवायलाही मीच.

२७ डिसें.
सावरगावच्या प्रमिलाकाकू आल्या. दादानं पहिल्या रिपोर्टचा फोटो गावभर पाठवलाय. "तुयं नाव हाय म्हणे त्याच्यावर, म्हणून आमी दादाले बॅगा सांगतल्या. उद्या गाडी येऊन राहिली."
दुसरा रिपोर्ट काकूंपुढे ठेवला. "मले वाचता येत नाही, तूच सांग व."
वाचला. दादानं काय केलं तेही सांगितलं.
काकू चहा न घेताच उठल्या.

२८ डिसें.
वहिनीचे चार मिस्ड कॉल. दादाचा एकही नाही. गाडी सावरगावात खाली झाली का परत गेली, कोणी सांगून नाही राहिलं.