‘कुठे’चा शब्द

३ नोव्हें., सोम.
आमच्या बनवलेल्या भाषेत ‘कोण’ झालं: कें. ‘काय’: कि. ‘केव्हा’: कांद. ‘का’: कार. ‘कुठे’ अजून अडलंय. लॅटिनमध्ये कुठेला उबी. बाकी बहुतेकांच्या तोंडी क, नेमका ह्याच्याच नाही. मराठीत कसे सगळे एका रांगेत उभे आहेत, कोण काय कुठे केव्हा. मला तस्संच हवंय.
पूर्ण्याच्या आमच्या गोडाऊनला दिवसभर मालाच्या गाड्या. चलानाच्या मागे शब्द लिहीत बसले. सुपरवायझर म्हात्रे डोकावले, "मॅडम, ह्यो कंचा माल हाय?" म्हटलं, जुना आहे.

५ नोव्हें.
संध्याकाळी नाझनीनकडे. घरामागचे लूम बंद होते, म्हणून धड बोलता तरी आलं. कॉलेजात असल्यापासून आम्ही दोघी ही भाषा करतोय. जुन्या काळी सोपाऱ्याच्या बंदरात आलेले रोमन खलाशी परत गेलेच नसते, इथेच खाडीकाठी संसार थाटले असते, तर त्यांच्या नातवंडा-पतवंडांची लॅटिन आज कशी ऐकू आली असती? नाव ठेवलं बंदरी. मासे, होड्या, नाती, शिव्या तिच्याकडे. बारीक शब्द माझ्याकडे: प्रश्नांचे, जोडायचे, आणि-पण-म्हणून. वाटणी तिनेच केलेली.
आज म्हणाली, "एक मुलगी भेटलीय गो ऑनलाइन. इरा. पुण्याची, भाषाशास्त्र शिकलेली. तिला बंदरी दाखवली मी."
मला विचारलं नाही. दाखवली.

१० नोव्हें.
आजपासून इथे ना. एवढंच लिहिणार. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.
ना.चा फोन तीनदा बिझी. लागला तर दर वाक्याला "इरा म्हणते". इरा म्हणते ‘म्हणून’ फार लांबलाय. इरा म्हणते प्रज्ञाचा कान चांगला आहे. तिने माझा कान कधी पाहिला?

१४ नोव्हें.
इराचा ईमेल. सरळ मला. "प्रश्नांचे शब्द तुमचं खातं आहे म्हणून आधी तुम्हाला. नाझनीनला काही बोलले नाहीये." आणि खाली ‘कुठे’ सोडवलेला. लॅटिनमध्ये अलिकुबी म्हणजे कुठेतरी, त्या शब्दाच्या पोटात जुना क अजून शिल्लक आहे. तो बाहेर काढायचा. कुबी. मग ब मऊ करून कूव.
दिवाळीच्या आधीपासून डोकं फोडतेय मी. हिने जाता जाता केलं.
चुकीचा असता तर बरं झालं असतं. पण चुकीचा नाहीये. कूव एस तू? कुठे आहेस तू? पोळ्या लाटताना दोनदा तोंडातून निघालं. आई म्हणाली, काय गं? काही नाही.
उत्तर पाठवलं नाही.

१९ नोव्हें.
ना. शनिवारी ती शिकवते त्या कॉलेजच्या मुलांना बंदरी दाखवणार. म्हणाली, प्रश्नांचा तक्ता तूच टाईप कर. केला. शेवटी रकाना आहे, शब्द कोणाचा. सगळीकडे प्र., प्र., प्र. कूवपाशी थांबले. मग तिथेही प्र.
चहा थंड झाला होता. तसाच प्यायले. फाईल आमच्या दोघींच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकली.

२२ नोव्हें., शनि.
वर्ग भरलेला. ना. छानच बोलली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत कूव लिहिला. म्हणाली, "हा माझ्या मैत्रिणीने शोधला. ती बघा, मागे बसलीय." टाळ्या. मी उठून उभी राहिले. हसले पण.
पुण्याहून इरा व्हिडिओवर होती. पडद्यावर तीही टाळ्या वाजवत होती.
रिक्षात ना.ने हात धरला. "इराला पण नसता जमला हा."
हेच ऐकायचं होतं मला किती दिवस. ऐकलं. अंजूरफाट्याला हात सोडवून घेतला, सुटे पैसे काढायला.

२५ नोव्हें.
ना. आता रोज फोन करते. आधीसारखा, तासभर.
इराकडून काही नाही. एका ओळीत माझं सगळं उघडं पाडू शकते. पाडत नाही. एवढी चांगली कशाला व्हायचं माणसाने? की मुद्दाम? ना. मला टाकून तिच्याकडे का गेली ते आता कळतंय, आणि त्याचाही राग येतोय. गेली कुठे पण? रोज फोन तर करते. मलाच काही…

२९ नोव्हें.
लिहिलं शेवटी इराला. कारणं लिहिली होती चार ओळी, काढून टाकली. "कूव तुमचा. मी माझं नाव लावलं." एवढंच ठेवलं.
दहा मिनिटांत उत्तर. "माहीत आहे गं. राहू दे. नाझनीनला सांगू नकोस, किती खूश होती ती त्या दिवशी."
तुम्हीवरून एकदम तू.
म्हणजे आता नाझनीनपासून लपवायची एक गोष्ट इराची आणि माझी. दोघींचीच. अकरा वर्षांत मी नाझनीनपासून काही लपवलं नव्हतं.

१ डिसें., सोम.
इरा रविवारी येतेय. नाझनीनकडे जेवण. नाझनीन म्हणाली, "तू येच. तुमचं दोघींचं जमेल बघ, मला खात्री आहे." म्हटलं, बघते.
जेवल्यावर तक्ता उघडला. कूवपुढचं प्र. खोडलं. इ. लिहिलं, तेही खोडलं. इराने नको म्हटलंय. पण प्र. परत घालवेना. रकाना रिकामा ठेवून बंद केला.
नाझनीन कॉलेजला निघायच्या आधी रोज ती फाईल बघते. उद्या फोन करून विचारेल. सकाळी आठला गोडाऊनला पहिली गाडी लागते, त्या गडबडीत मी फोन घेत नाही कोणाचा. उद्या घेईन.