ओहोळावरची हरकत

प्रिय प्राचीच्या बाबांना,

हे पत्र पोस्टाने टाकत नाही, वकीलबाईंच्या हातात देते आहे. जेलच्या पत्त्यावर आलेलं पत्र आधी तिथले साहेब वाचतात म्हणे, आणि यातलं दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखालून जायला नको. मुलाखतीला येते तेव्हा काचेपलीकडून फोनवर काही बोलताच येत नाही. मागच्या वेळी तुम्ही आईंच्या गुडघ्याचं विचारलंत, मी तुमच्या शुगरच्या गोळ्यांचं विचारलं, तेवढ्यात मागची बाई पुढे सरकली.

आई बऱ्या आहेत. भात झोडून झाला, या वर्षी चांगला उतरला. यंदा पाऊस जोराचा होऊनही खालच्या आळीत पाणी शिरलं नाही. मागच्या वर्षी त्या टॉवरवाल्या कंपनीने स्वतःच्या रस्त्यासाठी ओहोळ वरच्या अंगाला बुजवला आणि काळुरामदादांच्या घरात कंबरभर पाणी चढलं, तेव्हा त्यांच्या म्हशीला दावं कापून बाहेर काढणारे तुम्हीच होतात. त्यानंतर आपण कोर्टात गेलो. मी पंचायतीची सदस्य, म्हणून हरकत माझ्या आणि काळुरामदादांच्या नावाने टाकायची, हे तुम्ही ठरवलंत. मी घाबरलेले. तुम्ही म्हणालात, सही तुझी असली तरी मागे उभा मी आहे.

काळुरामदादांनी गणपतीनंतर आपलं नाव मागे घेतलं. मी त्यांना बोल लावत नाही. त्यांच्या दोन्ही मुलांना कंपनीच्या साइटवर वॉचमनची नोकरी लागली आहे. पण आता हरकतीवर एकटं माझं नाव उरलंय. कोर्टाने जूनमध्ये जुना भराव काढायला लावून दिलेली मनाई त्या एका नावावर उभी आहे. मी माघार घेतली की मनाई उठेल, ओहोळावर भराव पडेल आणि तिथे तीस मजल्यांचे टॉवर उभे राहतील. प्राची नौपाड्याच्या ज्या दवाखान्यात काम करते ना, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आपल्याच करवलपाड्यात विसाव्या मजल्यावर घर बुक केलंय. त्यांनी कौतुकाने तिला कंपनीचं पुस्तक दाखवलं. त्या चित्रात मलंगगड आहे, टॉवर आहेत, पोहायचा तलाव आहे. गाव कुठेच नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्हाला पकडून नेलं त्याच आठवड्यात मी ठाण्याच्या दवाखान्यात, दगड लागलेल्या त्या पोकलेनवाल्याला बघायला गेले होते, रामप्रवेशला. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजलेला. मी कोण ते सांगितल्यावर आधी घाबरला. मी डबा पुढे ठेवला. मग तोच म्हणाला, भाभी, पत्थर बाजू से आया, मैंने देखा नहीं किसने मारा, नाम तो साइट के साहब ने लिखवाया. मी विचारलं, कोर्टात हे सांगशील? त्याने मान फिरवली. गावाकडे त्याची तीन पोरं आहेत आणि तो कंपनीचं खातो. वकीलबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तो तोंड उघडत नाही तोवर उपयोग नाही.

दगड बाजूने आला, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मी बांधावर उभी होते. तुम्ही ओहोळात उतरलेल्या पोकलेनच्या पुढ्यात हात पसरून उभे होतात, तुमचे दोन्ही हात रिकामे होते. आंब्याच्या बाजूला गुणाजी भावोजी होते. दगड त्यांच्या हातून सुटला तो मी पाहिला आणि तुम्हीही वळून पाहिलंत. पोलिसांनी तुमचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. मी समजले. आईंचा एक मुलगा जाणारच आहे, तर दुसरा तरी घरी राहू दे. तेव्हापासून मी गप्प आहे. आईंनाही सांगितलेलं नाही.

पण तुम्हाला हे ठाऊक नसेल, की दिवाळीपासून भावोजींचा पाण्याचा टँकर कंपनीच्या साइटवर चालतो. टँकर दारावरून जाताना दिसला तेव्हा मला ते कळलं. घर चालवायचं असतं, एवढंच मनाशी म्हटलं.

गेल्या रविवारी ते घरी आले. चहा घेतला, आईंच्या पाया पडले, मग म्हणाले, वहिनी, पुढच्या सोमवारी दादाचा जामीन कोर्टापुढे येतोय. तू हरकत मागे घे, तो पोकलेनवाला माझी तक्रार नाही असं लिहून देईल, साहेबांनी शब्द दिलाय. शनिवारपर्यंत एक सही कर, दादा सोमवारी घरी जेवायला. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही होतात, ओटीवर बसून चपला काढणारे. मग माझ्या तोंडून निघालं, भावोजी, तुम्ही चौकीत जाऊन खरं सांगितलंत तरी ते घरी येतील. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. कप खाली ठेवला आणि निघाले. दारात थांबून एवढंच म्हणाले, दादाने स्वतः कधी माझं नाव घेतलं नाही, तू कोण घेणारी.

आई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. त्या दिवसापासून त्या तुमची चौकशी करतात, भावोजींची करत नाहीत.

प्राचीला मी सगळं सांगितलं, दगडाचं सोडून. तिला वाटलं मी सही करूनच बसलेय. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, आई, बाबांपेक्षा तुला तो ओहोळ मोठा झाला का? मी सांगायचा प्रयत्न केला. खालच्या आळीतली बावीस घरं, पंचायतीत हात वर करून ठराव केलेली माणसं, माझ्यावर विसंबून पेरणी केलेले लोक. ती म्हणाली, त्यातलं कोण बाबांच्या जागी आत जाऊन बसलंय? ती कपडे घेऊन नौपाड्याला मैत्रिणीकडे राहायला गेली आहे. फोन उचलते, हो-नाही बोलते, ठेवते.

काल शनिवार होता. भावोजींच्या गाडीतून कंपनीचा माणूस आला, कागद ओटीवर पसरला, पेनही त्यानेच काढून दिलं. शेजारच्या दारांतून सगळे बघत होते, पण पुढे कुणी आलं नाही. मी सही केली नाही. उद्या सोमवारी जामीन मिळणार नाही, असं वकीलबाई म्हणतात. पुढची तारीख कधी, त्यांनाही ठाऊक नाही. गुरुवारी भावोजी तुमच्या मुलाखतीला येणार आहेत आणि सांगणार आहेत की तुझ्या बायकोनेच तुला आत ठेवलं. ते खरं आहे. म्हणून हे लिहिलं, की ते तुम्हाला माझ्याकडून आधी कळावं. तुम्ही म्हणाल तर सही करते, असं एक वाक्य मी लिहिलं होतं, ते खोडलंय, वरच्या कोपऱ्यात दिसेल. ते खोटं होतं. तुम्ही म्हणालात तरी मी करणार नाही. दगड कुणी मारला ते सांगायचं की नाही, हे मी तुमच्यावर सोडलं आहे, आणि तुम्ही गप्प राहिलात तर मीही राहीन. सहीचं मात्र माझ्यावर सोडा. त्याच गुरुवारी भावोजींच्या नंतर माझा नंबर लागेल. राग आला असेल आणि काचेपाशी यावंसं वाटलं नाही तर येऊ नका. मी वेळ संपेपर्यंत तिथेच उभी असेन.

तुमचीच,
मालन