लाट पाणी आणत नाही

१४ ऑक्टोबर, सकाळी दहा

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. ऑफिसातला पंखा कुरकुरतो, साहेब त्याहून जास्त. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवतेय. ते गाडी घेऊन थांबतील.

तुझ्या घरासमोर समुद्रात आमचा बोया तरंगतो ना, तो लाटा मोजतो आणि मी इथे आकडे वाचते. दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांपैकी लांबलचक लाटा आधी पोचतात, आखूड मागून. वीज चमकल्यावर गडगडाट किती उशिरा आला त्यावरून ती किती दूर ते कळतं, तसंच हे. गेले नऊ दिवस लाटा येताहेत, पण नकाशावर कुठेच वारा नाही. पहिल्या दिवशी गणित मांडलं, तर उगम निघाला दादाची होडी उलटली तिथेच. साहेबांनी हसण्यावारी नेलं. मग उगम रोज जवळ सरकत गेला. काल सहा किलोमीटर होता. आज लांब आणि आखूड लाटा एकदमच आल्या. म्हणजे त्या तुझ्या अंगणासमोरूनच निघताहेत.

तू म्हणतेस, "समुद्र नेलेलं परत आणतो, मी घर सोडणार नाही." अगं, लाट साधं पाणीसुद्धा आणत नाही. पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढे सरकते ती नुसती हालचाल. दादा होता तिथेच आहे. जे येतंय ते दादा नाही. त्याच्या आवाजात हाक आली तरी समुद्राकडचं दार उघडू नकोस. काका हाक मारणार नाहीत, हॉर्न वाजवतील.

हिचं का ऐकू, म्हणशील. त्या सकाळी दादाने मला फोन केला होता. "छोटे, आज किती?" मी म्हटलं, "दोन मीटर. जा बिनधास्त." आमच्या भाषेत दोन मीटर म्हणजे सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. हजारात एखादी जवळपास दुप्पट निघते. ऑफिसात हे सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून कुणी बोलतच नाही. मी दादालाही बोलले नाही. आणि वर्षभर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून "अचानक आली गं लाट" म्हणत राहिले. रडणं खरं होतं वहिनी, बोलणं खोटं.

माफ करू नकोस. चार शिव्या घालायला तरी ये. सामान घेत बसू नकोस, आहेस तशी मागच्या दाराने निघ आणि गाडीत बस. दादा मी घालवला. तुला नाही घालवणार.

तुझ्या रागाची वाट पाहणारी,
तुझी गुन्हेगार नणंद