चिंचेखालची आणि क्रुसाजवळची

बाबा, गेले चार दिवस मी अक्षरांशी भांडते आहे आणि घरात कोणाला त्याचं काही सोयरसुतक नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा कामाबद्दल दोन वाक्यं मी तुमच्याशी धड बोलले नसेन. आता मात्र कोणालाही सांगायला जावं तर "अगं, मग इंग्रजीत लिही ना" हे एकच उत्तर मिळतं, आणि माझं डोकं पुन्हा तापतं.

आधी काम सांगते. अंधेरीत आमची एक छोटी संस्था आहे. मनोरीतल्या पाच विहिरींचं पाणी किती खारट होत चाललंय ते तिथल्या बायकांनी वर्षभर दर आठवड्याला मोजलं, वहीत लिहिलं आणि आम्हाला पाठवलं. त्या आकड्यांचे आलेख मी कॉम्प्युटरवर काढते. प्रत्येक विहिरीची एक रेघ, रेघेच्या टोकाला विहिरीचं नाव, चिंचेखालची, क्रुसाजवळची असं. उद्या सरकारी कचेरीत बैठक आहे आणि हे आलेख बघून कुठल्या विहिरीवरच्या घरांना आधी नळ द्यायचा ते ठरणार आहे. मोजणाऱ्या बायका तिथे समोर बसणार. आपली विहीर त्यांना बोट ठेवून दाखवता आली पाहिजे, म्हणून नावं मराठीतच हवीत. एवढी साधी गोष्ट.

माझ्या लॅपटॉपवर सगळं छान होतं. बैठकीला माझी मैत्रीण जाणार आहे, ती माझ्याच शेजारच्या टेबलावर बसते. शेवटचे आकडे आल्यावर आलेख तिच्या कॉम्प्युटरवर नव्याने काढायचे होते. तिने काढले, तर नावांच्या जागी नुसते चौकोन. ओळीने रिकामे चौकोन, रांगेत ठेवलेल्या डब्यांसारखे. मी म्हटलं, तुझ्याकडे तो फॉन्ट नाही, टाक. टाकला. तरी चौकोनच. दीड दिवस गेल्यावर कळलं की हे सॉफ्टवेअर फॉन्टांची यादी एकदाच करतं आणि पुढे तीच जुनी यादी बघत बसतं. नवीन पाहुणा दारात उभा असला तरी यादीत नाव नाही म्हणून आत घेत नाही. आणि तोंडाने काही बोलतही नाही. ती यादी शोधून पुसली. मग अक्षरं आली, पण अशी आली की चौकोन बरे होते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसलेली, जोडाक्षरं फुटलेली. 'विहीर' वाचता येईना आणि 'क्रुसाजवळची'चं तर पार भजं झालेलं.

"यार, तुझ्याकडे नीट दिसतंय ना? मग तुझ्याच लॅपटॉपवर काढ आणि दे मला," मैत्रीण म्हणाली.

"आणि बैठकीत कोणी म्हणालं की हा महिना वगळून दाखवा, तर? तिथे मी असणार आहे का?"

"तू नसलीस तर नसलीस. वाट लागली तर माझी लागेल, तू का एवढी चिडतेस?"

मी का चिडते ते तिला सांगितलं नाही. 'तिथे मी असणार आहे का' हे वाक्य माझं नव्हतंच, तुमचं होतं. नकाशा साइटवर जातो, त्याच्या मागून आपण जात नाही, असं तुम्ही पाइपांचे नकाशे काढता काढता म्हणायचात.

मी दहा वर्षांची असेन. शनिवारी तुमचा अर्धा दिवस असायचा, तेव्हा एकदा घाटकोपरहून बसने मला तुमच्या ऑफिसात नेलं होतंत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला तो दुसरा मजला, नकाशांच्या प्रती काढायच्या यंत्रातून येणारा अमोनियाचा वास, माझ्या डोळ्यांतून पाणी. तुम्ही तिरक्या फळ्यावर ओणवे. ट्रेसिंग कागदावर शाईने अक्षरं काढताय, चुकलेलं अर्ध्या ब्लेडने खरवडताय. अक्षर असं की छापल्यासारखं. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, इथे काय बदललं ते लिहायचं, आणि कोणी बदललं त्याची सही करायची. मग प्रत काढून ती घेऊन तुम्ही जिन्यात गेलात आणि खालच्या वॉचमनला वर बोलावून म्हणालात, "काका, वाचा." तो बिचारा डोळे बारीक करून एकेक शब्द वाचतोय, बोटाने पाइपाची रेघ धरून कुठून कुठे जाते ते विचारतोय, तुम्ही हाताची घडी घालून ऐकताय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसातले बाकीचे हसत होते. घरी येताना मी म्हटलं, एवढं चांगलं अक्षर आहे तुमचं, त्याला कशाला वाचायला लावता? तुम्ही बसमध्ये मला खिडकी दिलीत.

पुढे तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. तेव्हा मी कॉलेजात होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. तुम्ही स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता म्हणालात, मला जरा मराठी टाइप करायला शिकवशील का? दोन संध्याकाळी शिकवलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही तीच कळ पुन्हा चुकलात तेव्हा मी म्हटलं, "राहू दे बाबा, तुम्हाला नाही जमणार." तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि बरं म्हणालात. पुन्हा विचारलं नाहीत. या चार दिवसांत तुमच्या जागी मी बसले आहे आणि समोरचा कॉम्प्युटर मला तसंच म्हणतो आहे. मला वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग येतो. त्याचाही आणि माझाही.

तिसऱ्या दिवशी कारण सापडलं. माझ्या लॅपटॉपवर अक्षरं जोडणारा एक वेगळा भाग मीच कधीतरी बसवला होता आणि साफ विसरले होते. मैत्रिणीकडे तो नव्हता. तो तिच्याकडे बसवायला आणखी अर्धा दिवस. कुठलं नाव कुठे फुटतं ते बघायला मी यादीतली नावं खालीवर केली. सगळ्यात आधी 'क्रुसाजवळची' फुटायचं, म्हणून ते पहिलं घेतलं. शेवटी ती जिरवाजिरवी संपली आणि तिच्या पडद्यावर पाचही नावं नीट उभी राहिली. कचेरीतल्या कॉम्प्युटरवर पुन्हा तोच तमाशा नको म्हणून फाइलमधल्या अक्षरांच्या मी थेट आकृत्याच करून टाकल्या. आता ती अक्षरं राहिली नाहीत, चित्रं झाली. समोर कुठलाही कॉम्प्युटर असो, फॉन्ट असो नसो, तशीच दिसणार. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. मी मोठ्या खुशीत ते छापून भिंतीवर लावलं.

आज सकाळी मनोरीहून वह्या घेऊन एक बाई आल्या. क्रुसाजवळच्या विहिरीवर पाणी भरतात, वर्षभर ती त्यांनीच मोजली. मार्व्याची बोट धरून, मग रिक्षा करून आलेल्या. मी चहा आणायला गेले आणि परत आले तेव्हा त्या भिंतीपाशी उभ्या राहून बोटाने वाचत होत्या. सगळी नावं वाचली, कुठे अडखळल्या नाहीत. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. मग त्या म्हणाल्या,

"ही आमची नाय."

"क्रुसाजवळची. तुमचीच की हो."

"नाव आमचं, पाणी आमचं नाय. आमच्या पाण्यात डाळ शिजत नाय मे महिन्यापासून. ही रेघ तर तळाला हाय. वरची ती आमची, तिथे चिंचेखालचीचं नाव टाकलंय तुम्ही."

मैत्रिणीने वही काढली. आकडे ताडून पाहिले. बाईंचं खरं होतं. नावं मी खालीवर केली होती, आकडे होते तिथेच राहिले होते. चार दिवस मी अक्षरं बघत होते, बाबा, नावं वाचत नव्हते. उद्या ते कागद तसेच गेले असते तर नळ चिंचेखालच्या घरांना मिळाला असता, आणि या बाई खारं पाणी भरत राहिल्या असत्या, तेही सुंदर अक्षरांतल्या पुराव्यासकट. जिन्यात त्या वॉचमनकडून तुम्ही काय तपासून घेत होतात ते मला आज, या वयात कळलं. मला वाटत होतं अक्षर.

मैत्रिणीने विचारलं, "हे कसं झालं गं?" आणि मी म्हटलं, "कॉम्प्युटरने नावं इकडची तिकडे केली." लगेच पटलं तिला. चार दिवस मी त्याला सगळ्यांदेखत शिव्या घालत होते, न पटायला काय झालं? बाई म्हणाल्या, "मशीनचं काय, त्याला थोडंच ते पाणी प्यायचंय." मी मान हलवली आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

नावं जागच्या जागी नेली, बाईंकडून पुन्हा वाचून घेतलं, नवीन प्रती मैत्रिणीच्या पिशवीत गेल्या. उद्याचं काम होईल. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. आमच्या फाइलीलाही तुमच्या नकाशासारखी एक चौकट असते, बाबा. काय बदललं ते लिहायचं आणि कोणी बदललं त्याचं नाव तिथे आपोआप येतं. माझं नाव आलं आहे. त्याच्यापुढे मी 'फॉन्ट दुरुस्त केला' एवढंच लिहिलं आहे.